राणी रंगाची फळी

अश्विन लागला की डहाणूच्या समुद्राचा रंग बदलतो. चार महिने तो दूध कमी पडलेल्या चहासारखा असतो. मग एका सकाळी तो कडेने हिरवट दिसतो, दुसऱ्या दिवशी थोडा आत सरकून हिरवा होतो, आणि आठवडाभरात लाटेच्या पाठीतून ऊन आरपार जायला लागतं. नरपडच्या किनाऱ्यावरच्या सुरूंमधून येणारा वारा अंगाला चिकटेनासा होतो. तिकडे तलासरीत हळवं, लवकर पिकणारं भात कापणीला आलेलं असतं. मी डहाणूत राहते आणि तलासरीच्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे या दिवसांत सकाळी पिकल्या भाताचा आणि संध्याकाळी खाऱ्या पाण्याचा असे दोन वास मला एकाच दिवशी मिळतात. बावीस वर्षं मी ते नुसते घेत आले. पाण्यात मात्र घोट्याच्या वर कधी गेले नव्हते.

गेल्या वर्षीच्या अश्विनात मी स्वतःसाठी एक फळी निवडली. लाटेवर उभं राहतात ती. लोक तिला सर्फबोर्ड म्हणतात. वय एकोणपन्नास, नाकावर चष्मा, पोहण्याच्या नावाने लहानपणी गावच्या तळ्यात मारलेले हातपाय. एवढ्या सामग्रीवर. ही गोष्ट मी अजून कुणाला धड सांगितलेली नाही. सांगताना आवाजात थोडी ऐट येते, आणि ज्या घरात माणूस गेलं आहे त्या घरातल्या बाईच्या आवाजात ऐट बरी दिसत नाही असं मला वाटत होतं. आता तसं वाटत नाही.

आमच्या घरात फळी हा शब्द सहज तोंडातून निघत नसे. बाबा सुतार होते. तलासरी नाक्याजवळ त्यांचं दारं-खिडक्यांचं दुकान होतं. पुढे ते माझ्या धाकट्या भावाने, नंदूने, चालवलं. फळी घ्यायची म्हणजे आधी तिच्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करायची, कान जवळ न्यायचा आणि गप्प राहायचं. चांगल्या लाकडातून खणखणीत आवाज येतो. ओल धरलेलं, आतून कुजलेलं किंवा पाणी पिऊन फुगलेलं असेल तर आवाज बद्द येतो. बाबा वखारीत फळ्यांच्या थप्पीसमोर उभे राहून टकटक करत पुढे सरकायचे आणि आम्ही दोघं भावंडं त्यांच्या मागे. "ही?" ते विचारायचे. मी म्हणायचे, "वाजते." नंदू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "वाजते." मीच त्याला अक्षरं शिकवली, पाढे शिकवले आणि फळी ऐकायलाही शिकवलं.

तीन उन्हाळ्यांपूर्वी नंदूच्या डोक्यात लाटेवर उभं राहायचं वेड शिरलं. कुठून ते माहीत नाही. मोबाइलमधूनच असावं. नरपडला हंसाबेन नावाच्या बाई सुरूंखाली एक शेड चालवतात. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे. त्याने जाण्याआधी दक्षिणेकडून पाच-सहा जुन्या फळ्या आणून ठेवल्या होत्या. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना त्या भाड्याने द्यायच्या, कुणी मागितली तर विकायची. हंसाबेनचा जन्म मासळी विकण्यात गेला. त्यांनी त्या फळ्यांना आपल्या परीने नावं दिली होती. जी पातळ, कडक, टोकदार आणि चकचकीत, ती सुरमई. जी लांब, रुंद, जाड आणि वरून स्पंजासारखी मऊ, ती बोंबील.

नंदू मला मुद्दाम घेऊन गेला होता. हंसाबेननी बोंबील पुढे केला. "पहिला आहे ना तुझा? मग हा ने. पडलास तरी लागणार नाही, आणि पडणार तू आहेसच."

नंदूने त्यावर पेरांनी टकटक केली. बद्द.

"हे काय हंसाबेन, पावसात फुगलेलं प्लायवूड वाटतंय हे."

"अरे, पाण्यात घालायचंय का दाराला लावायचंय?"

पण नंदूने तोवर सुरमई उचलली होती. तिला टकटक केली. खणखणीत. त्याने माझ्याकडे बघितलं. "ताई, वाजते ना?"

आणि मी, मराठी विषयाची शिक्षिका, जिने समुद्रावर हातभर कविता शिकवल्या होत्या पण समुद्राचं पाणी कधी अंगावर घेतलं नव्हतं, मान हलवून म्हटलं, "वाजते."

ती फळी त्याने टमटमच्या टपावर बांधून तलासरीला नेली. वाटेत दोघांनी विचारलं, इस्त्रीचं टेबल केवढ्याला घेतलं म्हणून. दुकानात ती त्याने दर्शनी भिंतीवर टांगली. समुद्रापासून तासाभराच्या अंतरावर, डोंगराच्या बाजूला, दारं-खिडक्यांच्या दुकानात एक पांढरीशुभ्र फळी. गिऱ्हाईक विचारायचं आणि नंदू रंधा खाली ठेवून सांगत बसायचा. दर रविवारी तो ती काढून नरपडला जायचा. फोटो पाठवायचा. शाळेत मी ते सगळ्यांना दाखवायचे. वाळूत फळी उभी, शेजारी नंदू उभा, केस ओले, छाती पुढे.

पुढच्या वर्षी आषाढात त्याला ताप आला आणि पंधरा दिवसांत तो गेला. याबद्दल मी एवढंच लिहू शकते.

वर्षभर ती फळी भिंतीवरच राहिली. वर्षश्राद्ध झालं. अश्विन लागला तेव्हा अर्चनाने, नंदूच्या बायकोने, ती एकटीने खाली उतरवली, पुसली आणि मला फोन केला. "ताई, तुम्ही वापरा ही. तुम्हाला शिकवायचं होतं त्याला. दर रविवारी म्हणायचा, पुढच्या वेळी ताईला नेतो."

मी हो म्हटलं. ज्याला मी सगळं शिकवलं त्याला मला एक गोष्ट शिकवायची होती, आणि मी दर वेळी वह्या तपासायच्या आहेत म्हणून टाळलं होतं. आता त्या फळीवर मी उभी राहिले तर ती शिकवणी पूर्ण होईल, असं मी मनाशी धरलं. नाही राहिले तर तीही राहून जाईल. शोकात माणूस असे करार करतं. समोरच्याची सही नसते, तरी ते मोडता येत नाहीत.

पहिल्या दिवशी रविवार होता, सकाळचे दहा. मी फळी काखेत मारून सुरूंमधून बाहेर आले आणि बघते तर समोर समुद्रच नाही. नुसती ओली, करडी वाळू, तिच्यावर खेकड्यांची नक्षी, आणि लांबवर चमकणारी एक बारीक रेघ. मी चालत राहिले. चिखल लागला, चपला हातात घेतल्या, फळी या काखेतून त्या काखेत. एकदा मागे वळून बघितलं तर शेड काड्यापेटीएवढी दिसत होती. शेवटी पाणी सापडलं ते पोटरीएवढं. परत आले तेव्हा हंसाबेन टोपली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या आणि त्यांचं हसू थांबत नव्हतं.

"समुद्राला भेटायला गेलेलीस का गो बाय? घरी नव्हता का तो?"

"हंसाबेन, मला काय माहीत..."

"आज तिथी कुठली?"

मला माहीत होती. नवरात्राची पंचमी.

"पाचाचे पाऊणपट किती?"

"पावणेचार."

"वर अर्धा तास धर आपल्या किनाऱ्याला. सव्वाचारला भरती. मग दहाला काय असणार? एवढी शिकलेली तू, आणि रविवार बघून येतेस. समुद्राला कुठे रविवार असतो?"

तिथीला पाऊणने गुणायचं, वर थोडं धरायचं, की भरतीची वेळ येते. मी आयुष्यभर पंचांग घरात टांगलं ते उपवास आणि सण बघायला. त्याच्यात समुद्राचं वेळापत्रक आहे हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. त्या दिवशी घरी जाऊन मी पंधराही तिथींचं गणित वहीत मांडलं आणि कितीतरी दिवसांनी मला स्वतःच्या हस्ताक्षराकडे बघून बरं वाटलं.

नवरात्राची सुट्टी होती. सप्तमीला गेले, अष्टमीला गेले. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो, शिकायला ते बरं, असं हंसाबेननीच सांगितलं. त्या स्वतः काष्टा मारून कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि माझ्या फळीचं शेपूट धरायच्या. मी पालथी पडायचे. फळी माझ्या वजनाने पाण्याखाली जायची. लाट यायची, फळीचं नाक खाली घुसायचं आणि मी तिच्यावरून पुढे फेकली जायचे. एकदा कडेचा फटका गालावर बसला. एकदा चष्मा गेला. तो नशिबाने दोरीला होता. दोन दिवसांत मी त्या फळीवर गुडघे टेकूनही बसू शकले नाही.

अष्टमीला बाहेर आल्यावर हंसाबेननी सरळ विचारलं, "वजन किती तुझं?"

शेजारी बोंबील वाळत घालणाऱ्या चार बायका होत्या. मी हळूच सांगितलं.

"ऐकू नाही आलं."

"अडुसष्ट!"

"मग! अडुसष्ट किलो घेऊन ही सुरमई कशी तरंगेल? हिच्या अंगात हवाच नाही तेवढी. येणाऱ्याला येते, तो तिला पळवत ठेवतो म्हणून ती वर राहते. नवशिकी बाई नुसती पडून राहणार. तिला पेलणारी फळी पाहिजे. हे तुझ्या भावाला पण सांगितलेलं मी."

"ही नंदूची आहे, हंसाबेन. मला हीच पाहिजे."

त्यांनी गालाला लावायला बर्फ आणून दिला, मासळीच्या पेटीतला. नंतर एवढंच म्हणाल्या, "दिवाळीनंतर पाणी निजतं. मग लाट शोधत फिरशील. काय ते लवकर ठरव."

म्हणजे ठरवायला जेमतेम तीन आठवडे. नंदूची फळी ठेवली तर उभं राहणं होणार नव्हतं, हे मला आता शरीराने कळलं होतं. दुसरी घेतली तर उभी राहीनही, पण मग ते नंदूने शिकवलेलं कसं? आणि अर्चनाला काय सांगू? तिने ती फळी पुसून दिली होती.

नवमीला मी तलासरीला गेले. गाल सुजलेला होता. दुकानाच्या ओट्यावर अर्चना बाबांची आणि नंदूची हत्यारं दसऱ्यासाठी धुऊन तेल लावत होती. करवती, रंधे, गुण्या. तिने माझ्या गालाकडे बघितलं आणि हातातली पटाशी खाली ठेवली.

"ताई! कुठे पडलात?"

मी सांगायला लागले. फळी चांगली आहे, पण मी जड आहे, वय झालंय, माझंच चुकतंय, अजून दोनचार दिवस बघते. मी बोलतच राहिले. शाळेत मुलं गृहपाठ न केल्याची कारणं देतात तशी.

अर्चनाने मध्येच थांबवलं. "ताई, एक सांगू? त्याचे फोटो मी काढायचे."

"हो."

"सगळे तुमच्याकडे आहेत. उभा राहिलेला एक तरी आहे का?"

मी आठवून बघितलं. वाळूत उभा, शेजारी फळी. पाण्यात उभा, हातात फळी. होडीजवळ. सुरूंखाली.

"नाही जमलं त्याला कधी," अर्चना म्हणाली. "सव्वा वर्ष. एकदासुद्धा नाही. हंसाबेन म्हणायच्या, बोंबील घे. हा म्हणायचा, सुताराचा मुलगा आहे मी, बद्द आवाजाच्या फळीवर उभा राहू? आणि ताईने पास केलीय ही. मग एकदा मला म्हणाला, अर्चू, ही चुकली. पण आता बदलली तर ताईला कळेल."

तिचे ओठ हलत होते. मला वाटलं रडते आहे. ती हसू दाबत होती. ते मला दिसलं आणि मलाही आवरलं नाही. अर्चनाचे तेलाने माखलेले हात हवेतच राहिले आणि आम्ही दोघी दुकानाच्या ओट्यावर हसलो, पोटात दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. समोरच्या सायकलवाल्याने मान वर करून बघितलं. वर्षभर त्या दुकानातून असा आवाज त्याने ऐकला नव्हता.

म्हणजे सव्वा वर्ष तो माझा शब्द राखायला पडत होता, आणि दोन दिवस मी त्याचा राखायला. दोघंही एकाच चुकीला चिकटून. मला त्या क्षणी नंदूचा फार अभिमान वाटला. दर रविवारी पडून, खारं पाणी पिऊन, तो छाती पुढे काढून त्या फळीशेजारी उभा राहत होता. ते खोटं नव्हतं. तो मानी होता, आणि पडूनही परत जाणारा होता. दोन्ही एकदम.

"ती परत इथे आणा, भिंतीवर राहू दे," अर्चना म्हणाली. "त्याची आहे. तुम्ही तुमची बघा."

दुसऱ्या दिवशी दसरा. दशमीचे पाऊणपट साडेसात, वर अर्धा तास. आठाच्या आत मी नरपडला होते. हंसाबेननी दोन मऊ फळ्या बाहेर काढल्या. एक निळी, आठ फुटी, बेताची रुंद, दिसायला सोज्वळ. दुसरी नऊ फुटी, दरवाजाएवढी, कडा गोल, आणि रंग? साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात तो, तोही उन्हाने उडालेला.

माझं मन अर्थातच निळीकडे गेलं. हातही गेला, पेरं मुडपून, टकटक करायला. तो हात मी हवेतच थांबवला. कसं सांगू, तीन पिढ्यांची सवय होती ती. कान म्हणत होता ऐक, आणि इथे ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"जमिनीवर काय बघतेस तिला?" हंसाबेन म्हणाल्या. "चल पाण्यात."

दोन्ही फळ्या आम्ही पाण्यात नेल्या. त्यांनी सांगितलं तसं मी आधी निळीवर पालथी पडले, हातपाय न हलवता. फळी तरंगली, पण कडांवर पाणी चढत होतं. मी श्वास घेतला की ती डगमगायची. उठून बसले तर उजवीकडे कलंडले. मग राणी रंगाची. तिच्यावर पडले आणि काहीच झालं नाही. शब्दशः काहीच नाही. ती नुसती राहिली. पाणी तिच्या कडेखाली वाजत होतं, डबक डबक. मी गुडघ्यांवर आले. राहिली. मी बसले, मान वळवून किनाऱ्याकडे बघितलं. राहिली. नवशिक्याची फळी कशी ओळखायची ते मला कळलं. जिच्यावर असताना आपण फळीचा विचार करत नाही, लाटेचा करू शकतो, ती.

"निळी जरा वळते चांगली," हंसाबेन म्हणाल्या. त्यांना मला जोखायचं होतं. "दिसायला पण बरी. ही राणी रंगाची घेतलीस तर लोक लांबून ओळखतील."

"मला अजून वळायचं नाही, हंसाबेन. मला उभं राहायचंय. हीच द्या."

बावीस वर्षं मी मुलांना सांगत आले की येत नाही म्हणायला लाजू नका. स्वतः ते मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, दरवाजाएवढ्या राणी रंगाच्या फळीवर बसून, भर समुद्रात. नवशिकी. हा शब्द मी लाल शाईने कितीतरी वह्यांत मनातल्या मनात लिहिला असेल, जरा खालच्या पट्टीत. त्या दिवशी तो मला पदवीसारखा वाटला.

एकादशीला पावणेनऊच्या भरतीला मी उभी राहिले. लाट गुडघ्याएवढी होती, उगाच मोठी सांगत नाही. हंसाबेननी मागून ढकललं आणि ओरडल्या, "ऊठ गो!" मी हात टेकले, एक पाय पुढे घेतला, वेड्यासारखा, आणि दुसरा आपोआप आला. आणि मी उभी होते. पायांखाली काहीतरी सरकत होतं आणि मी पडत नव्हते. एक मध्यम लांबीचं वाक्य मनात वाचून होईल एवढा वेळ. मग पाणी संपलं, फळी वाळूला लागली आणि मी साधी खाली उतरले, बसमधून उतरावं तशी.

बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांनी काय केलं, तर एकीने हातातला मासा उंच धरून हलवला. बाकीच्या कामात होत्या. अर्चनाला मी ओल्या हातांनीच फोन केला. ती म्हणाली, "फोटो?" फोटो नव्हता. काढायला कुणी नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. नंदूला मी वर बघून सांगितलं, उभी राहिले रे. आणि जाणवलं की मी रडत नाही, सांगते आहे. वर्गात पहिला आलेला मुलगा घरी येऊन सांगतो तसं.

हा सगळा गेल्या वर्षीचा अश्विन. आता पुन्हा समुद्र कडेने हिरवा झाला आहे, आणि परवा सप्तमीला अर्चना मुक्कामाला आली. अष्टमीच्या पहाटे आम्ही दोघी नरपडला गेलो. पाणी आरशासारखं नव्हतं, पण शहाणं होतं. मी गृहीतच धरलं होतं की ती माझ्या फळीवर शिकेल. वर्षभराची सवयीची, भरवशाची, कुणालाही पेलणारी. मी तिला ती पाण्यात धरून दिली आणि सूचना सुरू केल्या. छाती इथे, पाय जुळवून, नजर पुढे.

अर्चना अंगाने बारीक. ती पालथी पडली, दोन्ही बाजूंना हात सोडले तर बोटं जेमतेम पाण्याला टेकली. वल्हवायला जागाच उरली नाही. ती थोडा वेळ तशीच राहिली. मग उठली आणि फळी माझ्याकडे ढकलली.

"ताई, ही तुमची आहे. माझे हात पुरत नाहीत हिला. मला माझी बघू द्या."

मी काहीतरी बोलणार होते. पहिल्या वेळी मोठीच घ्यावी, वगैरे. शेजारी पाण्यात उभ्या असलेल्या हंसाबेननी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी माझी फळी बाजूला ओढून घेतली. अर्चनाने शेडमधून एक फळी आणली, ती पाण्यात ठेवली, तिच्यावर पडली, उतरली. नको. दुसरी आणली. तिच्यावर बराच वेळ राहिली, डोळे मिटून. नको. तिसरी पांढरट होती, मधे ठिगळ लावलेली, यंदाच आलेली. तिच्यावर ती पडली, गुडघ्यांवर आली, बसली, पुन्हा पडली. कुणाला काही विचारलं नाही. कुणाकडे बघितलं नाही. ऊन सुरूंच्या वर आलं होतं आणि मला शाळेत तिमाही परीक्षेच्या बाकांवर खाली माना घालून लिहिणारी मुलं बघताना वाटतं तसं वाटत होतं. उत्तर तिचं आहे, आपण मधे बोलायचं नाही.

"ही," ती म्हणाली.

मागून एक लाट येत होती, लहानशी. मी कमरेएवढ्या पाण्यात तिच्या फळीचं शेपूट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तिने मान न वळवता म्हटलं, "ताई, धरू नका."

मी हात काढून घेतले.